अधिकाराला प्रतिनिधी नाही

कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे गेले की लागणारे घोटी हे गाव भाताच्या गिरण्यांचे आणि बाजाराचे ठिकाण म्हणून साऱ्या पंचक्रोशीला परिचित आहे; त्र्यंबक, सिन्नर आणि भंडारदरा या तिन्ही दिशांचे रस्ते येथूनच फुटत असल्यामुळे डोंगरातल्या ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांतला माणूस मीठमिरचीसाठी जसा येथे उतरतो तसा औषधासाठीही येथेच उतरतो. ज्याला तो ‘मेडिकल’ म्हणतो त्या दुकानाच्या भिंतीवर, मग ते घोटीचे असो की महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही बाजारगावाचे, देवाच्या तसबिरीच्या आसपास काचेच्या चौकटीत काही सरकारी कागद लावलेले असतात. त्यांत एक अन्न व औषध प्रशासनाचा परवाना असतो आणि दुसरा महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीचा दाखला असतो. चिठ्ठी घेऊन आलेला गिऱ्हाईक हे कागद सहसा वाचत नाही. गल्ल्यामागे जो कोणी उभा असेल त्याला तो ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतो, त्याने पुडीवर काढलेल्या खुणा पाहून घरी जातो आणि त्या खुणांप्रमाणे गोळी पोटात घालतो. अशा वेळी ज्याचे नाव दाखल्यावर आहे तो मनुष्य जर त्या दुकानात नसेल, किंबहुना त्या गावातही नसेल, तर त्या दाखल्यात काय शिल्लक राहते, हा प्रश्न वरवर पाहता निरीक्षकाच्या दप्तरातला दिसतो. परंतु थोडे खोल गेल्यास तो धर्मविचारातल्या एका फार जुन्या प्रश्नाशी, म्हणजे अधिकार कोणाचा आणि तो दुसऱ्याच्या हाती देता येतो काय या प्रश्नाशी, जाऊन भिडतो.

हा दाखला मिळतो कसा, ते प्रथम पाहू. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने दोन वर्षांचा औषधनिर्माणशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम पुरा करावयाचा, आपल्या राज्यात त्याची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाकडे द्यावयाची, त्यानंतर किमान ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत घ्यावयाचे आणि मग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव घालावयाचे, असा हा क्रम आहे. १९९१ च्या शिक्षणनियमांनी या ५०० तासांपैकी निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरून औषधे देण्यात गेले पाहिजेत असे स्पष्ट सांगितले होते. २०२० च्या नियमांनी अभ्यासक्रम नव्याने बांधताना शरीरशास्त्र, औषधगुणविज्ञान, रुग्णालयीन औषधव्यवहार यांच्या जोडीला कायदा आणि नीती हाही विषय ठेवला. आणि २०२२ साली नोंदणीपूर्वी आणखी एक निर्गम परीक्षा घेण्याचे नियमही प्रसिद्ध झाले. घोटीच्या मुलाला यासाठी फार दूर जावे लागत नाही. घोटी-सिन्नर रस्त्यावर धामणगाव येथे सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात यांच्या नावाने जे वैद्यकीय शिक्षणाचे संकुल उभे आहे, त्यात ही पदविकाही शिकविली जाते.

या व्यवस्थेला फार मोठे वय नाही. १९३०-३१ साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने देशातल्या औषधव्यवहाराची चौकशी करून त्यातील बेबंदशाही उघड केली. १९३२ मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने या शास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. १९४० साली औषधांचा आणि १९४८ साली ती देणाऱ्या मनुष्यांचा कायदा झाला. तोपर्यंत हे सारे काम कंपाउंडर नावाच्या गृहस्थाकडे असे. तो डॉक्टरांच्या दवाखान्यात राहून, खलबत्ता आणि मोजपात्र हाताळता हाताळता, लाल औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटविता चिकटविता शिकलेला असे, आणि १९४८ च्या कायद्याने त्याला एकदम अनधिकारी ठरवून रस्त्यावर काढले नाही. ज्याने पाच वर्षे असे काम नियमाने केले असेल त्याचेही नाव पहिल्या नोंदवहीत घालण्याची तजवीज त्या कायद्यात होती. याचा अर्थ असा की कायदा करणाऱ्यांनीही अधिकाराचे मूळ कागदात मानले नव्हते. अभ्यासाने आणि सहवासाने हाताला जे वळण लागते त्यात ते मानले होते, आणि कागद हा त्या वळणाचा पुरावा एवढाच त्यांचा भाव होता.

हीच दृष्टी आपल्या प्राचीन वैद्यकातही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याने व्यवसायात केव्हा प्रवेश करावा हे सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात घातलेल्या अटींचा क्रम विचार करण्यासारखा आहे: त्याने शास्त्र पढलेले असावे, त्याचा अर्थ मनात घोळविलेला असावा, गुरूचे कर्म डोळ्यांनी पाहिलेले असावे, स्वतः हाताने अभ्यास केलेला असावा, आणि हे सर्व झाल्यावर त्याला राजाची अनुज्ञा असावी. मग त्याने नखे व केस नीट राखावेत, शुभ्र वस्त्र नेसावे, वेष उद्धट नसावा आणि बोलणे कल्याणाचे असावे. राजाची अनुज्ञा येथे शेवटी आली आहे, पण वगळलेली नाही. त्याच ग्रंथात केवळ पोथी पढलेला आणि केवळ हात चालविणारा अशा दोघांचीही गणना अपुऱ्यांत केली असून, शास्त्राविना कर्म करणाऱ्याला तर राजदंडाला पात्र ठरविले आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषधद्रव्य आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारकालाही एक पाद मानले आणि उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे त्याचे चार गुण सांगितले. आजचा औषध देणारा या चौकडीत नेमका कोठे बसतो हे ठरविणे कठीण आहे, कारण तो द्रव्याचा राखणदारही आहे आणि परिचारकाचा सोबतीही आहे. परंतु कोठेही बसविला तरी त्याच्याकडून मागितलेले गुण हे मनुष्याचे गुण आहेत, आणि भिंतीवर टांगलेल्या चौकटीला अनुराग असू शकत नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो महाराष्ट्राच्या मातीतलाच असल्यामुळे त्याचा आदराने परामर्श घेतला पाहिजे. घोटीहून वैतरणेच्या बाजूने त्र्यंबकास गेले की निवृत्तिनाथांची समाधी आहे. परंपरा सांगते की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. त्या पत्रावर त्यांचा अधिकार यत्किंचितही अवलंबून नव्हता, आणि पत्र देण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांना तो अधिकार ओळखण्याची दृष्टी नव्हती, असा निवाडा मराठी मनाने केव्हाच देऊन टाकला आहे. तेव्हा प्रत्येक दाखल्याविषयी आपल्या मनात एक मूलभूत संशय आहे, आणि ज्याला औषधातले कळते त्याला कागदाची काय गरज, असे आपण सहज बोलून जातो.

परंतु या दोन गोष्टींत एक निर्णायक भेद आहे. आत्मज्ञानाच्या वाटेवर चालणाऱ्याचे पाऊल चुकले तर पडतो तो स्वतः. त्या चुकीचे फळ दुसऱ्याच्या देहात प्रकट होत नाही. म्हणून तेथे साक्ष लागते ती गुरूची आणि स्वतःच्या अनुभवाची. तिसऱ्या कोणाला त्यात दखल देण्याचे कारण नाही. औषधाच्या व्यवहारात मात्र ज्ञान एकाचे आणि फळ दुसऱ्याचे अशी स्थिती असते. साधी तापाची गोळी असो की हृदयाचे ठोके मंद करणारे औषध असो, चूक देणाऱ्याची आणि देह घेणाऱ्याचा असतो. आणि घेणाऱ्यापाशी देणाऱ्याची पारख करण्याचे कोणतेच साधन नसते. जेथे एकाच्या ज्ञानावर दुसऱ्याचे प्राण ठेवलेले असतात आणि ज्याचे प्राण आहेत त्याला ते ज्ञान तपासता येत नाही, तेथे समाजाने त्याच्या वतीने तपासणी करून साक्ष देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. दाखला म्हणजे ही साक्ष होय. राजाची अनुज्ञा सुश्रुताने शेवटी का होईना पण घातली, तिचे मर्म हेच असले पाहिजे. चाणक्यानेही औषधांत तशाच दिसणाऱ्या हलक्या वस्तूची भेसळ करणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे आणि उपचारातील चुकीने रोगी दगावल्यास वैद्याला दंड लावला आहे. कारण ज्या व्यवहारात घेणारा आंधळा असतो तेथे राजाचे डोळे त्याच्या कामी आले पाहिजेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साक्ष आवश्यक आहे हे मान्य केले, तरी ज्याच्याविषयी ती दिली त्याने ती दुसऱ्याच्या दुकानात ठेवून स्वतः अन्यत्र राहावे काय? या धंद्यात ‘सर्टिफिकेट लावणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. परवान्यासाठी नोंदणीकृत मनुष्य लागतो, म्हणून मालक महिन्याच्या ठरावीक रकमेवर त्याचा कागद घेतो, कागद भिंतीवर जातो आणि मनुष्य नाशिकजवळच्या सातपूरच्या किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात दुसऱ्या पगारावर जातो. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर आहे की नाही याच्या तपासण्या नेटाने सुरू केल्या, तेव्हा विक्रेत्यांनी बंद पुकारण्यापर्यंत पाळी आली, यावरून ही रीत किती खोल मुरलेली होती याची कल्पना येते.

या रीतीचा निर्णय करण्यासाठी मला पूर्वमीमांसेइतके नेमके शास्त्र दुसरे दिसत नाही. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे आणि त्याच्याच तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आला आहे. यज्ञास सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर काय करावे? मीमांसक व्यवहारी आहेत. ते म्हणतात, यज्ञ मोडू नका, तिच्यासारखी दुसरी वस्तू घ्या. व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार, ज्याला आपण देवभात म्हणतो, तो चालेल. सोम नसेल तर पूतीक चालेल. घोटीच्या भातमुलखातल्या माणसाला हा पालट समजावून सांगावा लागणार नाही. परंतु काही गोष्टींना प्रतिनिधी नाही, असे तेच शास्त्र निक्षून सांगते: देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, विहित क्रियेला नाही, आणि यजमानालाही नाही. ऋत्विज दक्षिणा देऊन आणता येतात, त्यांच्याकडून श्रम करवून घेता येतात. पण ज्याच्या नावाने संकल्प आहे तो मनुष्य मात्र तोच असला पाहिजे. अनेक यजमानांनी मिळून करावयाच्या सत्रात मध्येच एखादा निवर्तला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा आणावा, एवढी सवलत त्यांनी दिली. पण तो केवळ कर्म करणारा, स्वामी नव्हे, हेही लगेच बजावले.

आपला औषधांचा कायदा नकळत याच वाटेने चालला आहे. किंबहुना वस्तूच्या बाबतीत तो मीमांसकांहून कठोर आहे. औषध नियमावलीच्या ६५ व्या नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. म्हणजे मदतनीस ऋत्विजासारखा चालतो, यजमान मात्र समक्ष पाहिजे. त्याच नियमात एच आणि एक्स या अनुसूचींतील औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे काही देण्यास मनाई केली आहे. जेथे पाकिटाला पाकीट चालत नाही, तेथे मनुष्याला कागद कसा चालेल, हे कैमुतिक न्यायाने आपोआप सिद्ध होते. मुखत्यारपत्राने शेत विकता येते आणि वकीलपत्राने दावा चालविता येतो, कारण तेथे मालकी आणि हक्क हे मनुष्यापासून वेगळे काढता येतात. पण ज्या ५०० तासांत अक्षर ओळखण्याची, मात्रेचा संशय येण्याची आणि संशय येताच हात थांबविण्याची सवय जडली, ते तास त्या मनुष्याच्या बुद्धीतून काढून कोणत्या पत्रावर लिहून देणार?

यावर कोणी म्हणेल की चूक झाली तर ती गल्ल्यामागच्या मुलाची, कागदाच्या धन्याने तर गोळीला स्पर्शही केला नाही. कर्तृत्वाचा हा हिशेब गीतेने फार पूर्वी अवघड करून ठेवला आहे. कोणत्याही कर्माला अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे असतात असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्यातील एकावरच सारे लादणे हा बुद्धीचा दोष मानला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात २००६ साली दोन वर्षांच्या एका बालिकेच्या कर्करोगावरील औषधात ०.९ टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याऐवजी २३ टक्क्यांहून तीव्र द्रावण गेले आणि ती दगावली. मिश्रण केले होते तंत्रज्ञाने, तपासून संमती दिली होती फार्मासिस्टने. अमेरिकेत औषधालयातील तंत्रज्ञांसाठी १९९५ पासून राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणन परीक्षा असली तरी त्या राज्यात तेव्हा तशी सक्ती नव्हती. शिक्षा झाली ती संमती देणाऱ्याला, आणि २००९ मध्ये कायदा करून तंत्रज्ञांची पात्रता तेथे आवश्यक करण्यात आली. आपल्याकडे हात आणि जबाबदारी अशी दोन पदे कायद्याने वेगळी केलेली नाहीत. दोन्हींचा भार एकाच पदविकाधारकावर आहे. म्हणून आपल्याकडे तो अनुपस्थित राहिला की तपासणारी नजर आणि काम करणारा शिक्षित हात ही दोन्ही एकदमच नाहीशी होतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे जी साखळी उलगडली तिच्यातील दोष कोणा एकाच कडीचा नव्हता. ज्याने ज्याने पाहावयाचे होते त्याने त्याने ते द्रव्य न पाहता पुढे जाऊ दिले, आणि अधिष्ठानच विषारी झाले.

अधिकाराच्या विचारात एक काळी बाजूही आहे, आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मीमांसकांनी अधिकाराची मीमांसा करताना शूद्राला यज्ञातून वगळले. बादरी नावाच्या आचार्याने सर्वांना अधिकार आहे असे मत मांडले होते, पण ते मत जैमिनीच्या सूत्रांत पूर्वपक्ष म्हणूनच उरले. स्वतः वैद्याचीही या धर्मशास्त्राने उपेक्षा केली. मनुस्मृतीने त्याचे अन्न त्याज्य ठरविले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला उठविले. आजच्या दाखल्याचे खरे तेज येथे आहे. तो जन्म विचारीत नाही. ज्या ठाकराच्या किंवा महादेव कोळ्याच्या घरात कालपर्यंत औषध म्हणजे भगताची मुळी होती, त्या घरातली मुलगी बारावी करून, दोन वर्षे शिकून, ५०० तास उभी राहून त्याच नोंदवहीत आपले नाव घालू शकते. बादरीचा हरलेला पक्ष या नोंदवहीत जिंकला आहे. असे असता, शतकानुशतके नाकारलेला आणि मोठ्या कष्टाने मिळविलेला अधिकार महिन्याच्या काही रुपयांवर दुसऱ्याच्या भिंतीला देऊन टाकणे, यात कायद्याचा भंग तर आहेच, पण त्याहून मोठी अशी आत्मावमानना आहे.

आपला कागद असा भाड्याने देणारा मुलगा तसे का करतो, याचाही विचार केला पाहिजे. शिक्षणाच्या फीसाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते, स्वतःचे दुकान घालण्याइतके भांडवल नसते, आणि दुकानात उभे राहण्याचा पगार कागदाच्या भाड्याहून फारसा अधिक नसतो. ही परिस्थिती दोषाचा बराचसा भार मालकावर आणि समाजावर टाकते, हे खरे. पण तो पूर्णपणे उतरवीत नाही. दुर्गम वाडीत औषधच मिळणार नाही, ही दुसरी सबब. तिलाही कायद्याने उत्तर ठेवले आहे: हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात तापाच्या गोळीसारखी काही नेहमीची घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची सवलत नियमांच्या के अनुसूचीत आहे. हा आपद्धर्म आहे, आणि आपद्धर्माला सीमा असते. घोटीसारख्या हमरस्त्यावरच्या, रेल्वे स्थानक असलेल्या पेठेने आपल्या सोयीसाठी आपद्धर्माचा आधार घेऊ नये.

उपजीविकेच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र १९७६ पासून आहे आणि घोटीहून ते थोड्याच अंतरावर आहे. तेथे ज्या अष्टांगिक मार्गाची शिकवण दिली जाते त्यात सम्यक आजीविका हे एक अंग आहे, आणि बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. औषध देणाऱ्याच्या कपाटात विष आणि औषध असे दोन खण नसतात. चरकानेही हेच सांगितले आहे की नीट योजलेले तीक्ष्ण विष उत्तम औषध होते आणि वाईट योजलेले औषध विष होते. तेव्हा तीच पट्टी, तीच बाटली आणि तोच पैसा असताना हा व्यापार सम्यक आजीविकेत मोडतो की वर्ज्य व्यापारात, हे ठरविणारी एकच गोष्ट त्या दुकानात असते, आणि ती म्हणजे जाणता मनुष्य.

म्हणून धामणगावात किंवा अन्यत्र आज ही पदविका शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच आहे की नोंदणीचा कागद हाती पडेल तेव्हा तो जेथे लावाल तेथे स्वतः उभे राहा. उभे राहणे शक्य नसेल त्या दिवशी तो उतरवून घरी आणा. मालकांना सांगणे असे की फार्मासिस्ट हजर नसेल त्या वेळात चिठ्ठीवरचे औषध देऊ नका, गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. आणि गिऱ्हाइकाने, मग तो वाडीवरून चालत आलेला असो की मोटारीतून उतरलेला असो, पुडी हातात घेण्यापूर्वी भिंतीकडे बोट दाखवून विचारावे: “भाऊ, ह्या कागदावरचं नाव तुमचंच ना?” हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी कोणताही दाखला लागत नाही.